रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व पृथ्वीच्या हवेची बखर

ज्यांचे मुलगे वा मुली उच्च शिक्षणासाठी नागपुरास गेल्या आहेत, अशा आमच्या पालकांस हिस्लॉप हे नाव कॉलेजच्या नावावरून चांगलेच परिचित आहे. परंतु हे कोणा मनुष्याचे नाव आहे, तो मनुष्य कोठून आला, त्याने काय केले व त्याला मरण कसे आले, हे विचारले असता बहुतेकांस उत्तर सुचत नाही. जे थोडे जाणतात ते इतकेच सांगतात की, हिस्लॉप हे एक स्कॉच पाद्री होते व त्यांनी नागपुरात शाळा काढली. ही माहिती खरी आहे, पण अर्धी आहे. ह्याच गृहस्थांनी हातात हातोडी घेऊन नागपूर, भंडारा व चांदा ह्या प्रांतांच्या भूमीचे दगड तपासले आणि त्या दगडांतून गतकाळाच्या इतिहासाची जी पाने उलगडली, त्यांचे वाचन अद्यापि चालू आहे. त्या इतिहासात एक विषय असा आहे की, तो हिस्लॉपसाहेबांच्या स्वप्नीही नसेल. तो म्हणजे आपण श्वासावाटे घेतो त्या हवेचा इतिहास. म्हणून ह्या लेखात आम्ही त्यांचे चरित्र व हवेची बखर ही दोन्ही एकत्र सांगण्याचे योजिले आहे.

स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील बर्विकशायर परगण्यातील डन्स ह्या लहानशा गावी झाला. ह्या परगण्याचे भूगर्भशास्त्रात मोठे नाव आहे. ज्यांस ह्या शास्त्राचे जनक म्हणतात ते जेम्स हटन ह्यांची शेतीवाडी ह्याच भागात होती. आणि समुद्रकाठच्या सिकार पॉइंट नामक कड्यावर उभे व आडवे असे दोन निराळ्या काळांचे थर एकमेकांवर बसलेले पाहून, पृथ्वीचे वय मनुष्याच्या कल्पनेपलीकडचे असले पाहिजे, असा निश्चय त्यांनी १७८८ साली केला होता. अशा मुलखात वाढलेल्या हिस्लॉप ह्यांस बाळपणापासून कीटक, वनस्पती व दगड गोळा करण्याचा नाद लागावा ह्यात नवल नाही. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथील विश्वविद्यालयांत त्यांचे शिक्षण झाले. धर्मशास्त्रात त्यांचे गुरू डॉ. टॉमस चाल्मर्स हे होते. बायबलाच्या पहिल्या अध्यायावरून पृथ्वीचे वय ठरविता येत नाही, असे मत ह्या चाल्मर्स ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले होते. तेव्हा पाद्रीपणा व हातोडी ह्यांत शिष्याला विरोध वाटला नाही, ह्याचे एक कारण आम्हांस येथे सापडते.

१८४३ साली स्कॉटलंडच्या धर्मसंस्थेत फूट पडून फ्री चर्च निराळे झाले. हिस्लॉप ह्या नव्या पक्षास मिळाले, आणि त्याच पक्षाने त्यांची नेमणूक नागपुरास केली. १८४४ साली एरास्मा हल ह्या कुमारिकेशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस हे दांपत्य मुंबईस उतरले व १८४५ च्या आरंभी नागपूर प्रांती पोहोचले. त्या वेळी येथे भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघुजी भोसले १८५३ साली वारले, आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. आगगाडी नव्हती. हिस्लॉपसाहेबांनी मराठी भाषेचा अभ्यास करून १८४६ साली शहरात शाळा उघडली. १८४७ साली रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे त्यांस सहकारी म्हणून आले व १८५५ पर्यंत राहिले. हे हंटरसाहेबही तितकेच विद्याव्यासंगी होते. इंग्रजी शब्दांचा एक प्रचंड कोश पुढे त्यांच्या हातून संपादित झाला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला, तिच्याकडे वळू. नागपूरची सीताबर्डीची टेकडी काळवत्री दगडाची आहे, हे कोणाही मुलास पाहता येईल. येथून पश्चिमेस थेट सह्याद्रीपर्यंत बहुतेक मुलूख ह्याच दगडाचा. हा दगड म्हणजे भूगर्भातून वाहत आलेला व मग थिजलेला रस. एका ओघावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे त्याचे ओघ एकावर एक साचले आहेत; सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते, आणि झीज होऊन उरलेला विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. नागपूर हे ह्या काळ्या राज्याच्या पूर्वसीमेवरचे ठाणे. आमच्या सानगडीस हा दगड भूमीत सापडत नाही. आमच्या पायाखालचे खडक शंभर कोटींहून अधिक वर्षांचे आहेत व शास्त्रज्ञ त्यांस साकोलीच्याच नावाने ओळखतात. पण त्यांची गोष्ट मागाहून.

१८५० नंतरच्या एकदोन वर्षांत हिस्लॉप व हंटर हे नागपूरच्या पश्चिमेस टाकळीकडे फिरावयास जात असत. तेथे काळवत्रीच्या दोन ओघांच्या मध्ये दबलेला एक पातळ थर त्यांस दिसला. तो थर रसाचा नव्हता. तो गाळाचा होता. फोडून पाहतात तो आत गोड्या पाण्यातील गोगलगाई व शिंपले, माशांचे अवशेष, भुंग्यांसारख्या कीटकांच्या पाठीची टणक कवचे, आणि फळे व बिया, सर्व दगड झालेले! त्यापूर्वी माल्कमसन नामक एका डॉक्टराने दक्षिणेकडील मुलखात असे शिंपले पाहिले होते; परंतु इतक्या संपन्न थराचा असा चिकाटीने धांडोळा पहिल्याने ह्या दोघांनीच घेतला.

भंडारा जिल्ह्यातील मुलांस ह्याचा अर्थ समजावयास अडचण पडू नये. आपल्याकडे गावोगावी बोड्या व तलाव आहेत. उन्हाळ्यात बोडीचे पाणी आटले म्हणजे तळच्या चिखलात शिंपले, माशांचे काटे, झाडांच्या बिया व पाने रुतून बसलेली दिसतात. आता कल्पना करावी की, अशा बोडीवर एके दिवशी तप्त रसाचा लोंढा येऊन पसरला व थिजला. चिखल झाकला गेला, भाजला, आणि युगानुयुगे तसाच राहिला. टाकळीचा थर ही अशीच एक बोडी होय. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली. रसाचे सर्व ओघ एका दमात आलेले नव्हते. एक ओघ थंड झाला, त्यावर पाणी साचले, झाडे उगवली, मासे पोहले, कीटक गुणगुणले, आणि मग दुसरा ओघ आला. म्हणजे त्या भयंकर काळातही मध्ये मध्ये विसावा होता, पाऊस पडत होता, आणि श्वास घेण्याजोगी हवा होती.

ह्या संशोधनाचा पहिला मोठा निबंध हिस्लॉप व हंटर ह्या दोघांच्या नावे लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात १८५५ साली छापला गेला. पण त्यांचे लक्ष केवळ काळवत्रीवर नव्हते. नागपूरच्या उत्तरेस सिलेवाडा, बोखारा व कामठी ह्या बाजूस वालुकाश्माच्या खाणी होत्या. तेथील पिवळसर दगडांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळत. ह्या वनस्पतीस ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात. नावाचा अर्थही जिभेवरूनच आलेला आहे. नागपूरच्या दक्षिणेस मंगळी गावी एका बेडकाच्या जातीच्या पण मोठ्या, चपट्या डोक्याच्या प्राण्याची कवटी मिळाली. तिचे वर्णन लंडनमधील विख्यात प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन ह्यांनी १८५५ साली केले. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे मोठमोठ्या हाडांचे तुकडे मिळाले. पाद्रीसाहेबांच्या दौऱ्याच्या बैलगाडीत धर्मपुस्तकांच्या शेजारी दगडांच्या थैल्या असत, असे चित्र आम्ही मनाशी रंगविले तर ते फारसे चुकणार नाही.

येथे थोडे थांबून आपण युरोपात जाऊ. कारण हवेच्या बखरीचे पहिले पान तेथे त्याच सुमारास लिहिले जात होते. ज्या १८४५ साली हिस्लॉपसाहेब नागपुरास आले, त्याच वर्षी एबेलमेन नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. हा गृहस्थ सेव्र येथील चिनी मातीच्या भांड्यांच्या सुप्रसिद्ध कारखान्याशी संबंध असलेला, म्हणून माती व दगड ह्यांच्या घटकांचे त्यास उत्तम ज्ञान. त्याने असे दाखविले की, हवेतील वायूंचे प्रमाण कायमचे ठरलेले नसून ते दगडांशी चाललेल्या देवघेवीवर अवलंबून असते. ज्वालामुखी कर्बाम्ल वायू, म्हणजे आजच्या पुस्तकांतील कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकतात. पावसाच्या पाण्यात हा वायू विरघळून ते पाणी किंचित आंबट होते व दगडांस झिजविते. ह्या झिजेत तो वायू बांधला जाऊन नद्यांवाटे समुद्रास मिळतो आणि तेथे चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतो. दुसरीकडे, वनस्पती हाच वायू घेऊन प्राणवायू सोडतात. त्या कुजण्यापूर्वीच जर गाळात पुरल्या गेल्या, तर त्यांचा कोळसा होतो आणि त्यांनी सोडलेला प्राणवायू हवेत शिल्लक राहतो. पुढे १८५९ साली जॉन टिंडल ह्यांनी लंडनमध्ये प्रयोग करून दाखविले की, कर्बाम्ल वायू व पाण्याची वाफ उष्णता अडवून धरतात, आणि नत्रवायू व प्राणवायू मात्र तिला जवळजवळ बिनहरकत जाऊ देतात. ही दोन सूत्रे एकत्र केली म्हणजे हवेचा जमाखर्च व त्याचा थंडीउन्हाळ्यावरील परिणाम ही दोन्ही समजू लागतात. दुर्दैवाने एबेलमेन १८५२ साली अल्पवयात वारला, आणि त्याचा निबंध सुमारे शंभर वर्षे कोणी फारसा उघडला नाही. नागपुरात बसलेल्या हिस्लॉपसाहेबांनी तो पाहिला असेल, असे मानावयास आम्हांस आधार नाही. परंतु एक जण हिशेब मांडावयाची रीत सांगत होता, आणि दुसरा, त्याची ओळखही नसताना, त्या हिशेबाच्या पावत्या गोळा करीत होता.

पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वी बनली. तिच्या भोवती प्रथम जे अत्यंत हलके वायू असतील, ते टिकले नाहीत. मग तापलेल्या पोटातून वाफ, कर्बाम्ल वायू, नत्रवायू व गंधकाचे वायू बाहेर पडून दुसरे वातावरण तयार झाले. वाफ थिजून समुद्र झाले. त्या हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता. आज जन्मलेले मूल त्या हवेत दोन क्षणही जगले नसते. समुद्रातील शेवाळासारख्या अतिसूक्ष्म जीवांनी तो बनविण्यास आरंभ केला, पण आधी तो पाण्यातील लोखंड व इतर द्रव्ये गंजविण्यातच खर्ची पडला, आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत लक्षात येण्याइतका उरू लागला. आपल्या जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी सर्वांस ठाऊक आहेत. मँगनीज प्राणवायूशी संयोग पावल्यावाचून अशा रीतीने समुद्रतळी साचत नाही. तेव्हा ती काळी धातू म्हणजे पुरातन प्राणवायूची एक खूणगाठच होय. ती आपल्या घरच्या मालगाड्यांतून बाहेर जाते, पण तिचा हा अर्थ क्वचितच कोणी मुलांस सांगतो.

शेजारच्या ग्रहांची दशा निराळी झाली. शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा. पण तेथे पाणी टिकले नाही, म्हणून कर्बाम्ल वायूस चुनखडीत कोंडणारे कोणी उरले नाही. त्याच्या हवेचे ९६ टक्क्यांहून अधिक भाग तोच वायू आहे, दाब आपल्या नव्वदपट, आणि उष्णता ४६० अंशांच्या घरात, म्हणजे शिसे सहज वितळावे इतकी. पृथ्वीवरील चुनखडीत कोंडलेला सर्व वायू जर मोकळा झाला, तर आपल्या डोक्यावरचा थरही शुक्राच्या तोलाचा होईल. मंगळ लहान पडला. त्याचा गाभा लवकर निवाला, त्याचे चुंबकीय कवच नाहीसे झाले, आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने त्याची हवा हळूहळू खरवडून नेली. आज तेथील दाब आपल्या एका शतांशाहूनही कमी आहे. २०१४ साली आपल्या देशाचे मंगळयान तेथे पोहोचले, त्यावरील एक उपकरण ह्याच विरळ हवेचा वरचा थर तपासण्यासाठी होते. ग्रह सारखे असूनही तिघांची हवा इतकी भिन्न का, ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी दगड व पाणी ह्यांच्या देवघेवीत आहे.

आता सिलेवाड्याच्या पानांकडे परत येऊ. ग्लॉसॉप्टेरिसची झाडे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी दलदलीत वाढली आणि त्यांचाच कोळसा नागपूर व चांदा भागांत साचला. ही वने वाढण्यापूर्वी येथे बर्फ होते, हे ऐकून वाचकांस हसू येईल. परंतु चांद्याच्या बाजूस ईरई येथे बर्फाच्या रेट्याने ओरखडलेले खडक फेडन नामक भूगर्भशास्त्रज्ञाने १८७५ साली वर्णिले आहेत. त्या काळी पृथ्वीभर मोठमोठी अरण्ये गाळात पुरली गेल्यामुळे कर्बाम्ल वायू फार घटला होता व प्राणवायू आजच्याहून अधिक झाला होता, असे गणिते सांगतात. कोळशाच्या थरांत त्या काळच्या वणव्यांचे कोयले मिळतात, हा त्याला आणखी एक आधार. कारण हवेत प्राणवायू सुमारे सहाव्या हिश्श्याहून कमी असता लाकूड पेट घेत नाही. पानेही साक्ष देतात. पानाच्या पाठीवर श्वासाची सूक्ष्म छिद्रे असतात, आणि हवेत कर्बाम्ल वायू वाढला की, कित्येक झाडे ही छिद्रे कमी काढतात. जुन्या वनस्पतिसंग्रहांतील पाने मोजून वुडवर्ड नामक इंग्रज शास्त्रज्ञाने १९८७ साली हे सिद्ध केले. तेव्हापासून दगड झालेल्या पानांवरील छिद्रे मोजणे हा हवेचा हिशेब काढण्याचा एक मार्ग झाला आहे. ज्या पानांचा केवळ आकार हिस्लॉपसाहेबांनी पाहिला, त्यांच्या जातीची पाने आज सूक्ष्मदर्शकाखाली ह्या नव्या प्रश्नास उत्तर देतात. ह्याच ग्लॉसॉप्टेरिसची पाने ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण ध्रुवाजवळचा प्रदेश येथेही मिळतात; त्यावरून हे सर्व भूभाग एकेकाळी जोडलेले होते असे ठरले, आणि त्या खंडास गोंडवन हे नाव जगभर पडले. आमच्या गोंड बांधवांचे नाव ध्रुवापर्यंत गेले ते असे.

आता वादाची गोष्ट. टाकळीची बोडी किती जुनी? हिस्लॉपसाहेबांनी शिंपल्यांची युरोपातील शिंपल्यांशी तुलना केली, आणि १८६० साली छापलेल्या निबंधात हा थर तृतीय युगाच्या आरंभीचा, म्हणजे महाकाय सरडे नष्ट झाल्यानंतरचा आहे, असा निर्णय दिला. हा निर्णय दीर्घकाळ मानला जात होता. वनस्पतींच्या आधाराने प्राध्यापक बिरबल साहनी ह्यांनीही १९३४ साली व पुढे ह्याच बाजूस आपले वजन टाकले. विरुद्ध पक्ष म्हणे की, काळवत्रीचा आरंभ तरी त्या सरड्यांच्या हयातीतच झाला. ह्या वादात आम्हांस जे फार मौजेचे वाटते ते असे की, विरुद्ध पक्षाचा पुरावा हिस्लॉपसाहेबांच्याच थैलीत होता. पिसदुऱ्याची ती हाडे पुढे डायनोसोर नामक प्रचंड सरड्यांची ठरली! परंतु हाडे काळवत्रीखालच्या थरातली होती, आणि शिंपले दोन ओघांमधले; एका मनुष्याने एकाच जन्मी सर्व कोडी सोडवावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

अखेर निकाल दगडातील किरणोत्सर्गी धातूंच्या घड्याळाने लागला. ओघांच्या मध्ये सापडणाऱ्या राखेतील अतिसूक्ष्म स्फटिक तपासून २०१५ व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असे दाखविले गेले की, काळवत्रीचा बहुतेक रस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आठ लाख वर्षांच्या आतबाहेर, वाहिला. म्हणजे ज्या सीमेवर डायनोसोर नष्ट झाले त्या सीमेच्या दोन्ही बाजूंस. नागपूर भागातील कित्येक गाळाच्या थरांतील परागकणही सीमेच्या अलीकडचे नसून पलीकडचे, सरड्यांच्या शेवटच्या दिवसांतले ठरले आहेत. ह्या बाबतीत हिस्लॉपसाहेबांचा निर्णय थोडक्यात हुकला असे म्हणावे लागते. तथापि हा काळ नक्की कळणे इतके महत्त्वाचे का? कारण त्या रसाबरोबर कर्बाम्ल वायू व गंधकाचे वायू ह्यांचे लोट हवेत गेले. गंधकाच्या वायूंनी सूर्यप्रकाश अडून काही वर्षे थंडी पडते, आणि कर्बाम्ल वायूने पुढे हजारो वर्षे उष्णता वाढते. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी आदळला. मग सरड्यांचा नाश कोणी केला, अशनीने की दख्खनच्या काळवत्रीने? बहुतेक शास्त्रज्ञ आज अशनीस मुख्य आरोपी मानतात; काळवत्रीने आधीच हवा बिघडवून ठेवली होती काय व किती, ह्यावर अद्यापि मतभेद आहेत. टाकळीच्या एका पातळ थराच्या वयावरून सुरू झालेला वाद अशा रीतीने सर्व पृथ्वीच्या हवेचा वाद होऊन बसला.

आणखी एक नवल आहे. ज्या काळवत्रीने कर्बाम्ल वायू ओकला, तीच आता तो गिळीत आहे. हा दगड पावसाने लवकर झिजतो, आणि झिजताना वायू बांधून घेतो. वऱ्हाडातील कापसाची काळी जमीन ही त्या झिजेची उरलेली माती होय. भूभाग सरकत सरकत विषुववृत्ताच्या उष्ण व पावसाळी पट्ट्यातून आला तेव्हा ही झीज फार झपाट्याने झाली असावी, व पृथ्वी पुढे थंड होत गेली त्यास तिचाही हातभार लागला असावा, असे मानतात. हा व्यापार मात्र लक्षावधी वर्षांच्या सावकाश चालीचा आहे. उलट सिलेवाड्यास पुढे कोळशाची खाण निघाली, जवळच कोराडी व खापरखेडा येथे कोळशावर वीज काढतात, आणि जगभर हेच चालले आहे. दोनशे वर्षांपूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत सुमारे २८० भाग कर्बाम्ल वायू होता. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. ग्लॉसॉप्टेरिसने जे पुरले, ते आपण उकरून पुन्हा हवेत सोडीत आहो.

हिस्लॉपसाहेबांच्या शेवटच्या वर्षांविषयी थोडे सांगितले पाहिजे. दगडांइतकेच त्यांचे लक्ष माणसांकडे होते. गोंड लोकांच्या वस्त्यांत जाऊन त्यांची भाषा, चालीरीती व लिंगो देवाची परंपरागत गीते त्यांनी उतरवून घेतली; लिहून ठेवण्याचा परिपाठ ज्यांत नव्हता, त्यांच्या तोंडची ही संपत्ती अन्यथा कितीशी उरली असती, कोण जाणे. १८६३ च्या सप्टेंबरात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ह्यांच्यासह ते नागपूरच्या दक्षिणेस बोरीनजीक टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहावयास गेले. खोदकामात मातीची भांडी व लोखंडी वस्तू निघाल्या. ४ सप्टेंबरच्या सायंकाळी टेंपलसाहेब पुढे तळावर गेले. हिस्लॉपसाहेब एका शाळेची परीक्षा घेण्यासाठी मागे राहिले. काम आटोपून ते एकटेच घोड्यावरून निघाले तेव्हा अंधार पडला होता. पावसाने वाटेवरच्या ओढ्यास पूर आला होता. तळावर वाट पाहणाऱ्यांकडे घोडा आला, पण स्वार नव्हता. मशाली घेऊन लोक धावले. देह पाण्यात सापडला. चार दिवसांनी त्यांस सेहेचाळीस वर्षे पुरी झाली असती. त्यांचा देह नागपुरास आणून तेथेच पुरला गेला.

त्यांची गोंडांविषयीची टिपणे टेंपल ह्यांनी १८६६ साली छापविली. १८८३ साली त्यांच्या नावाचे कॉलेज सुरू झाले. टाकळीच्या थरातील एका हिरवट स्फटिकरूप चुन्यास हॉटन नामक शास्त्रज्ञाने १८५९ साली हिस्लॉपाइट हे नाव दिले होते. आणखी एक नाव १८५८ साली मुंबईच्या डॉ. कार्टर ह्यांनी ठेवले. नागपूरच्या पाण्यातून हिस्लॉपसाहेबांनी आणलेल्या, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या एका जीवाच्या जातीस त्यांनी हिस्लॉपिया म्हटले. हे जीव वसाहत करून राहतात, आणि संथ पाण्यातील देठांवर व शिंपल्यांच्या पाठीवर पातळ पापुद्र्यासारखे पसरतात. भारतातील पुष्कळ तलावांत ते आजही आढळतात. ज्यांजवळ भिंग आहे अशा आमच्या विद्यार्थ्यांनी पावसाळा सरल्यावर बोडीतील शिंपले उलटून पाहावे.